छपरावरील यंत्राची निवड

इंटरनेटची तार ज्या गावात येऊन पोहोचते त्या गावाचा प्रश्न निराळा, आणि ती ज्या गावाच्या अलीकडे, एखाद्या डोंगराच्या पायथ्याशीच थबकते त्या गावाचा प्रश्न निराळा. आदिलाबाद जिल्ह्याच्या नार्नूर मंडलात, आणि २०१६ सालच्या पुनर्रचनेत त्यातून वेगळ्या निघालेल्या गादिगुडा मंडलात, गोंडांचे गुडे, बंजाऱ्यांचे तांडे आणि मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्यांच्या वस्त्या डोंगरउतारांवर अशा विखुरलेल्या आहेत की, २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या योजनेचा काचतंतू ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत आला, तरी पंचायतीच्याच हद्दीतील दूरच्या वस्तीस त्याचा लाभ आपोआप मिळत नाही. मधला टापू सागवानाचा. जमीन खणून तार न्यावी तर वनखात्याची परवानगी लागते, आणि खांबांवरून न्यावी तर पहिल्या वळवाच्या वादळात ती तुटून पडते. अशा ठिकाणी उंचवट्यावर टॉवर उभारून तेथून घरोघरच्या छपरांवरील लहान यंत्रांशी रेडिओलहरींनी संधान बांधणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. केंद्र सरकारच्या २०२३ च्या आकांक्षित तालुका कार्यक्रमात ज्या मंडलाची निवड झाली, तेथील शाळा, आरोग्य केंद्र, मी-सेवा केंद्र आणि कापसाचे भाव पाहणारा शेतकरी या सर्वांस जालजोडणी हवी असणार हे उघड आहे. म्हणून छपरावर बसवायचे यंत्र निवडताना काय पाहावे, याचा विचार येथे विस्ताराने करण्याचे योजिले आहे.

ग्राहकाची सामान्य समजूत अशी असते की, टॉवर हीच मुख्य वस्तू असून आपल्या छपरावरचे यंत्र ही केवळ शेपटी आहे. ती स्वस्तात स्वस्त घ्यावी. ही समजूत चुकीची आहे, आणि ती एकट्या ग्राहकास नव्हे तर त्याच्या शेजाऱ्यांसही महागात पडते. टॉवरवरील एक सेक्टर, म्हणजे एका दिशेस तोंड करून बसविलेला अँटेना, एका वेळी एकाच ग्राहकाशी बोलतो आणि उरलेले सारे आपापल्या पाळीची वाट पाहतात. ज्याचा सिग्नल सशक्त त्याच्याशी यंत्रणा जलद भाषेत बोलते, ज्याचा दुर्बळ त्याच्याशी तिला सावकाश आणि पुनःपुन्हा बोलावे लागते. वाय-फायच्या ८०२.११एन या मानकात २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर व एका प्रवाहात सर्वांत सावकाश वेग ६.५ मेगाबिटचा व सर्वांत जलद वेग ६५ मेगाबिटचा आहे. म्हणजे एकच चित्रफीत पोहोचविण्यास दुर्बळ ग्राहकापायी दहापट वेळ खर्ची पडतो. रेशन दुकानाच्या रांगेत ज्याचा अंगठा यंत्रावर उमटत नाही तो मनुष्य स्वतःच खोळंबत नाही, मागची सारी रांग खोळंबवितो. तसेच हे आहे. यास्तव छपरावरील यंत्राची निवड ही खाजगी काटकसरीची बाब न मानता वस्तीच्या सामाईक हिताची बाब मानावी, आणि सेवा देणाऱ्यानेही ग्राहकाच्या आग्रहाखातर कमकुवत यंत्र बसवून देण्याचे औदार्य दाखवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्र निवडण्यापूर्वी जागा पाहावी लागते, आणि येथेच बहुतेकांची गफलत होते. ५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी, ज्यांवर अशी बहुतेक जाळी चालतात, जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगर तर त्या ओलांडत नाहीतच, पण हिरव्या पानांतूनही फारशा पार होत नाहीत, आणि भिजलेल्या पानांतून त्याहूनही कमी. पाऊस स्वतः या लहरींस विशेष अडवीत नाही. अडवितो तो पावसाने फुटलेला आणि पावसाने भिजलेला पाला. आता या प्रदेशातील वृक्षांचा क्रम लक्षात घ्या. सागाची पाने माघ-फाल्गुनापासून गळू लागतात आणि वैशाखात तो बहुधा उघडाबोडका उभा असतो. पळस आणि मोह यांचीही गत उन्हाळ्याच्या तोंडी तीच. सेवा देणाऱ्याचा माणूस पाहणीस येतो तो रस्ते कोरडे असतात म्हणून नेमका याच दिवसांत. त्याला छपरावरून टॉवर स्वच्छ दिसतो, तो मोजमाप घेतो, यंत्र बसवितो, आणि जोडणी उत्तम चालते. पुढे मृगाच्या सरी येतात, सागास हातभर रुंदीची पाने फुटतात, आणि आषाढात जोडणी दुपारी चालते तर सायंकाळी नाही, वारा सुटला की तुटते, अशी तक्रार सुरू होते. मग यंत्र बदलले जाते, अडॅप्टर बदलला जातो, राउटरला दोष दिला जातो, आणि झाड मात्र जागच्या जागी राहते. सबब, उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्याने फांद्यांमधून दिसणारा टॉवर हा दिसणारा टॉवर मानू नये. वाटेतील प्रत्येक निष्पर्ण झाड पूर्ण पालवलेले आहे असे समजूनच उंची ठरवावी.

टॉवर डोळ्यांस दिसला एवढ्यानेही भागत नाही. लहरी एका सूक्ष्म रेषेतून न जाता मध्यभागी फुगलेल्या लंबवर्तुळाकार पट्ट्यातून जातात. या पट्ट्यास फ्रेनेल क्षेत्र असे नाव आहे. टॉवर ५ किलोमीटरवर असेल आणि लहर ५.८ गिगाहर्ट्झची असेल, तर वाटेच्या मध्यावर या पट्ट्याची त्रिज्या सुमारे ८ मीटर भरते, आणि तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे जवळजवळ ५ मीटर, मोकळा राहिला पाहिजे. अंतर २ किलोमीटर असेल तर तीन मीटरांवर काम भागते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, दृष्टिरेषा वाटेतील झाडांच्या शेंड्यांना घासून जाता कामा नये. ती त्यांच्यावरून सुमारे एका मजल्याइतकी उंच जावी, आणि शेंडे आणखी वाढणार आहेत हेही विसरू नये. घर कौलारू किंवा पत्र्याचे असल्यास छपराच्या लाकडास यंत्र ठोकण्यापेक्षा अंगणात सिमेंटात रोवलेला लोखंडी पाइप, तीन बाजूंनी तारांचे ताण देऊन, उभा करणे चांगले. मला तर असे वाटते की, यंत्रासाठी काढून ठेवलेल्या रकमेपैकी काही भाग बेधडक या पाइपावर खर्च करावा. दोन मीटर अधिक उंचीने जे साधते ते पुष्कळदा अधिक किमतीच्या यंत्रानेही साधत नाही.

पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली जो ग्राममार्ग प्रकल्प चालविला, त्याचा दाखला या संदर्भात उपयुक्त आहे. तेथे आरंभी दूरचित्रवाणीच्या वापरात नसलेल्या यूएचएफ पट्ट्यावर प्रयोग झाले, कारण त्या लांब लहरी झाडझाडोऱ्यातून अधिक सुलभपणे वाट काढतात. पुढे २५ गावांच्या जाळ्यासाठी मात्र ५.८ गिगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यातील, बाजारात सहज मिळणारी साधने वापरण्यात आली. २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या स्पर्धेत या प्रकल्पास प्रथम पारितोषिक मिळाले. आपल्यासारख्या सामान्य ग्राहकास यूएचएफ पट्टा उपलब्ध नाही. त्यामुळे पालघरच्या उत्तरार्धाचाच मार्ग, म्हणजे खुला पट्टा आणि पुरेशी उंची, आपल्या वाट्यास येतो. हा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारने ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने परवान्यापासून बऱ्याच विस्ताराने मुक्त केला, आणि एकंदर ६०५ मेगाहर्ट्झ जागा खुली झाली. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्याआधी, २००५ पासूनच खुला आहे. त्याच्या लहरी तेवढ्याच अंतरात सुमारे ८ डेसिबल कमी झिजतात, परंतु तो घरोघरच्या वाय-फायने गजबजलेला असून त्यात परस्परांस न अडखळणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन आहेत. नार्नूरच्या बाजारपेठेत त्याचा नाद सोडावा. एखाद्या एकाकी गुड्यावर, जेथे एकदोन झाडे टाळताच येत नाहीत, तेथे त्याचा विचार करण्यास हरकत नाही.

आता अँटेनाच्या शक्तीकडे वळू. यंत्राच्या खोक्यावर १३, १६, २३, २५ असे आकडे डीबीआय या एककात छापलेले असतात. ते अँटेना आपली लहर एका दिशेस किती एकवटतो याचे माप होय. दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट व दर १० डेसिबलला दहापट, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे गणित कोणासही करता येते. टॉवरवरील सेक्टर २० डीबीएम शक्तीने बोलतो आणि त्याचा अँटेना १६ डीबीआयचा आहे, असे धरू, बेरीज ३६. लहर १ किलोमीटर जाताना सुमारे १०८ डेसिबल झिजते, ३ किलोमीटर जाताना ११७ आणि ५ किलोमीटर जाताना १२२. म्हणजे ५ किलोमीटरवरील छपरावर उणे ८६ एवढा सिग्नल येऊन ठेपतो. त्यावर १३ डीबीआयचे यंत्र असेल तर ग्राहकाच्या पदरी उणे ७३ पडतात, २३ डीबीआयची ताटली असेल तर उणे ६३. उणे आकडा जितका लहान तितका सिग्नल चांगला; उणे ६५ च्या अलीकडे जोडणी जोमदार, उणे ७५ च्या पलीकडे ती रडतखडत चालते. हे झाले कागदावरचे. प्रत्यक्षात तीन ते पाच डेसिबल कमीच मिळतात आणि ती सूट आधीच धरावी. एक किलोमीटरच्या आत मात्र १३ डीबीआयच्या लहानशा यंत्रासही उणे ५९ मिळतात, तेथे मोठ्या ताटलीची मातब्बरी नाही.

या हिशेबाने पाहता बाजारातील नावे आपोआप आपापल्या जागी बसतात. नॅनोस्टेशन लोको किंवा टीपी-लिंकचे सीपीई५१० ही १३ डीबीआयची यंत्रे टॉवरच्या पायथ्याच्या वस्तीस. मायक्रोटिकचे एसएक्सटी-स्क्वेअर किंवा कॅम्बियमचे फोर्स ३००-१६ ही १६ डीबीआयची यंत्रे दोनतीन किलोमीटरांपर्यंत. आणि त्यापुढे लाइटबीम, सीपीई६१०, एलएचजी, फोर्स ३००-२५ अशा २३ ते २५ डीबीआयच्या ताटल्या. मोठ्या ताटलीचा आणखी एक गुण असा की, तिची नजर अरुंद, सुमारे १० अंशांची असल्यामुळे बाजूच्या दुसऱ्या यंत्रांचा कोलाहल तिला कमी ऐकू येतो. तोच तिचा दोषही आहे. खांब चार-पाच अंश कलला की निम्मी शक्ती गेली, आणि वानरांच्या टोळीस छपरावरील ताटली हे बसण्याचे आसन वाटते, हे या भागात कोणास सांगावयास नको. जाळीची ताटली वाऱ्यास कमी अडविते म्हणून उघड्या माळावर ती बरी. वानरांचा उपद्रव असेल तेथे चपटे, पकड न देणारे पॅनल निवडून खांब थोडा उंच करावा.

तथापि वरील नावांतून मनास येईल ते उचलून आणता येत नाही. पसरलेल्या ग्राहकांना एकमेकांची यंत्रे ऐकू येत नाहीत, त्यामुळे साध्या वाय-फायच्या शिरस्त्याप्रमाणे प्रत्येकाने शांतता पाहून बोलावे असे ठरविले तर सारे एकदमच बोलतात. हा गोंधळ टाळण्यासाठी प्रत्येक कंपनीने टॉवरकडून पाळी वाटून देण्याची आपापली पद्धत काढली आहे, आणि एका घराण्याची पद्धत दुसऱ्यास उमगत नाही. म्हणून टॉवरवर ज्या घराण्याचे यंत्र आहे त्याच घराण्याचे, आणि शक्यतो त्याच पिढीचे, यंत्र छपरावर हवे. हे आधी विचारून घ्यावे. नागपूर किंवा हैदराबादच्या बाजारातून कोणी नातलगाने स्वस्तात आणलेले यंत्र सुटे पाहता उत्तम असूनही येथे निरुपयोगी ठरू शकते.

मोबाइल कंपन्यांच्या एअरफायबर सेवेचा प्रकार थोडा वेगळा. एअरटेलने ऑगस्ट २०२३ मध्ये व जिओने १९ सप्टेंबर २०२३ रोजी, गणेशचतुर्थीस, मोठ्या शहरांतून ती सुरू केली. येथे यंत्र कंपनीच देते. ग्राहकाच्या हाती राहते ती जागा आणि मोजमापाचा आग्रह. घरात ठेवायचे यंत्र आणि छपरावर बसवायचे यंत्र असे दोन पर्याय असतील तर पत्र्याच्या घरात पहिल्याचा विचारही करू नये, कारण पत्रा लहरींना सरळ परतवून लावतो. बसविणाऱ्यास आरएसआरपी आणि एसआयएनआर हे दोन आकडे विचारावेत: पहिला उणे ९० च्या अलीकडे असावा, आणि दुसरा, जो सिग्नल गोंगाटापेक्षा किती वरचढ आहे हे सांगतो, तो दहाच्या वर असला तरच समाधान मानावे. पहिला चांगला आणि दुसरा वाईट असेल तर दोन टॉवर एकाच वेळी कानी पडत आहेत असे समजून यंत्राची दिशा बदलून पाहावी. सरहद्दीवर ही अडचण विशेष संभवते. राज्ये दोन झाली तरी दूरसंचार खात्याच्या नकाशात तेलंगण अजून आंध्र प्रदेश या परवाना-क्षेत्रातच मोडते, आणि डोंगरापलीकडील जिवती तालुका महाराष्ट्राच्या क्षेत्रात; उंचावरील छपरास पलीकडचा टॉवर अधिक जवळचा वाटला तरी ही जोडणी पत्त्यास बांधलेली असल्याने तो आपल्या कामाचा नव्हे. शिवाय मोबाइलचा टॉवर हा सर्वांचा सामाईक. पौषात नार्नूरला थोडसम कुळाच्या खामदेवाची जत्रा भरते तेव्हा हजारो फोन त्याच टॉवरवर ओझे घालतात, आणि घरातील जोडणी त्या दिवसांत मंदावली तर तो यंत्राचा दोष समजू नये.

विजेविषयी थोडे सांगितले पाहिजे. ही यंत्रे घरातून जाणाऱ्या जालतारेतूनच वीज घेतात. त्यासाठीचा अडॅप्टर कोठे २४ व्होल्टचा, कोठे ४८ चा असतो, आणि एकाचा दुसऱ्यास लावल्यास यंत्र जळण्याचा संभव असतो, म्हणून अडॅप्टरवर पहिल्याच दिवशी पक्क्या शाईने यंत्राचे नाव लिहून ठेवावे. रेडिओ आणि राउटर मिळून सुमारे १२ वॉट खातात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ८४ वॉट-तास असतात, म्हणजे हिशेबाने सात तास, व्यवहारात चार ते पाच. वीज रात्ररात्र जाते तेथे याच्या दुप्पट बॅटरी ठेवावी. तार संपूर्ण तांब्याची, बाहेरच्या उन्हास टिकणारी काळ्या आवरणाची आणि शंभर मीटरांच्या आतली असावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार दिसायला तशीच, किमतीत निम्मी आणि दुसऱ्या पावसाळ्यात निकामी. घरात शिरण्यापूर्वी तारेस खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी तिच्यावरून आत न उतरता तेथेच ठिबकून जाईल. ज्येष्ठ-आषाढात या डोंगरांवर विजा पडतात. खांबाची भूमीशी जोडणी आणि तारेवर सर्ज-रक्षक ही दोन्ही जवळपास पडलेल्या विजेच्या धक्क्यापासून वाचवितात, थेट पडलेल्या विजेपासून काहीच वाचवीत नाही. ढग गडगडू लागण्यापूर्वीच तार काढून ठेवावी, गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये.

कागदपत्रांच्या बाबतीत आपली माणसे उदासीन असतात. पट्टा खुला असला तरी यंत्रास दूरसंचार खात्याच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेची प्रकारमान्यता लागते. पावतीवर मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेतला की तिचा तपास करता येतो. आपली जोडणी शेजारच्या दहा घरांस पैसे घेऊन वाटण्याचा मोह होतो. तो परवान्यावाचून बेकायदा आहे. ज्यास तसा व्यवसायच करावयाचा असेल त्याने परवानाधारक कंपनीचा भागीदार व्हावे, किंवा डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेखाली, जीत किरकोळ केंद्रचालकास परवान्याची गरज नाही, किराणा दुकानातून वाय-फाय विकावे. यंत्र विकत आहे, भाड्याने आहे की अनामत रकमेवर आहे, ते जळाल्यास भरपाई कोणी द्यावयाची, आणि सेवा सोडताना ते परत कोणाच्या हवाली करावयाचे, एवढे चार ओळींत लिहून घ्यावे.

शेवटी, यंत्र बसविले त्या दिवशीचे आकडे मागून घ्यावेत: टॉवरकडून आपल्याकडे येणारा सिग्नल, आपल्याकडून टॉवरकडे जाणारा सिग्नल, आणि दोन्ही दिशांचा जोडणीचा वेग. हे आकडे वीजबिलांच्या फायलीत तारखेनिशी लावून ठेवावेत, आणि श्रावणात, झाडे भरात असताना, तेच आकडे पुन्हा पाहावेत. दोनतीन डेसिबलचा फरक साहजिक आहे. पण सहा डेसिबल किंवा त्याहून अधिक घट दिसली, तर नवे यंत्र मागण्यापूर्वी कंपनीच्या माणसास खांबाचा कल आणि वाटेतील झाडे तपासावयास सांगावे, आणि तो छपरावर चढेल तेव्हा आपणही अंगणात उभे राहून तो नेमक्या कोणत्या आकड्यावर बोल्ट आवळतो ते टिपून घ्यावे.